त्या बाटलीत होतं तरी काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ मधल्या घरगुती औषधांवर आणि वस्तूंवर दोन पानं लिहिली होती, आणि त्यानंतर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲपवर इतके फोटो आलेत की सगळ्यांना उत्तर देणं या एका अंकात शक्यच नाही. मी अठ्ठावीस वर्षं सोलापुरात औषधाच्या दुकानात काउंटरला उभी होते, त्यामुळे बाटली हातात आली की आधी लेबल वाचायचं ही सवयच लागून गेलीये. त्या काळाबद्दल मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, लोक काय पितायत ते बाटलीवर लिहिलेलंच नसायचं. आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी याच एका गोष्टीपाशी येतात म्हणून तीच आधी घेतलीत.

ताई, बाळीवेशीतला आमचा जुना वाडा उतरवताना माळ्यावर एक निळी काचेची बाटली सापडली. सहा कोनांची आहे, अंगावर उभ्या रेघा आहेत आणि इंग्रजीत उठावाची अक्षरं आहेत, ‘नॉट टु बी टेकन’. तळाला काहीतरी वाळून बसलंय. मुलगा म्हणतो धुऊन फुलदाणी करू. करावी का?

नका करू. आणि बूच असेल तर उघडू पण नका, वास तर मुळीच घेऊ नका. ती विषाची बाटली आहे, म्हणजे आत काय होतं ते मी फोटोवरून सांगू शकत नाही पण बाटली विषासाठीच बनवलेली आहे हे नक्की. त्या वेळी घरात दिवा म्हणजे मेणबत्ती नाहीतर तेलाचा, रात्री पोटात दुखायला लागलं की माणूस अंधारातच फळीवर चाचपडून बाटली काढायचा, आणि खोकल्याचं औषध, ढेकणांचं औषध, जखम धुवायचं ॲसिड सगळं त्याच फळीवर. म्हणून मग काचेलाच रेघा आणि कोन द्यायला लागले, रंग निळा किंवा हिरवा, म्हणजे डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना कळावं. वाचता न येणाऱ्याला पण कळावं. मला ती कल्पना आजही फार आवडते, कोणीतरी खरंच त्या अंधारातल्या माणसाचा विचार केला होता.

पण हे शहाणपण यायच्या आधी माणसं गेली. सोमल, म्हणजे आर्सेनिक, तेव्हा इंग्लंडमध्ये उंदीर मारायला कुठल्याही दुकानात मिळायचा, पांढरी पूड, दिसायला पिठासारखी, साखरेसारखी, चव जवळजवळ नाहीच. १८५१ मध्ये कायदा केला की विकणाऱ्याने वहीत नाव लिहून सही घ्यायची, अनोळखी माणसाला द्यायचा नाही, आणि किरकोळ विकताना त्यात काजळी नाहीतर नीळ मिसळायची, म्हणजे तो पांढरा राहणार नाही. तरीपण १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड गावात काय झालं बघा. तिथं पेपरमिंटच्या गोळ्या करणारे साखर महाग म्हणून तिच्यात जिप्समची पूड ढकलायचे, सगळेच करायचे, त्या पुडीला त्यांच्यात नावही होतं. एक माणूस ती पूड आणायला औषधवाल्याकडे गेला, मालक आजारी, हाताखालच्या पोराने माळ्यावरच्या पिंपातून साडेपाच किलोच्या आसपास पूड काढून दिली. ते पिंप सोमलाचं होतं आणि पिंपावर नाव नव्हतं. गोळ्या शनिवारच्या बाजारात विकल्या गेल्या, वीसेक माणसं मेली, त्यात लहान मुलं, आणि दोनशेच्या वर आजारी पडली. सुरुवातीला तर लोकांना कॉलराच वाटला. त्यानंतर १८६० चा भेसळीचा कायदा आणि १८६८ चा फार्मसी कायदा आला, विष कोणी विकायचं आणि त्यावर काय लिहायचं हे त्यात बांधून दिलं.

तुमच्या बाटलीचं असं करा, हातमोजे घालून एका बरणीत ठेवा, बरणीवर मराठीत मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. मोरीत ओतून धुऊ नका. कुठल्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांना फोटो दाखवा, ते काय करायचं ते सांगतील, नाहीतर घंटागाडीत देताना घातक कचरा म्हणून वेगळी, सांगून द्या.

माझ्या सासूबाई म्हणतात ग्राइप वॉटर इंग्रजांच्या काळापासून आहे आणि आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. मी वाचलं की त्या काळात बाळांना अफू द्यायचे. ती ग्राइप वॉटरमध्ये होती का? बाळ दोन महिन्यांचं आहे, खूप रडतं. (जुळे सोलापूर)

आधी तुमच्या जिवाला शांतता म्हणून सांगते, ग्राइप वॉटरमध्ये अफू नव्हती. विल्यम वुडवर्ड नावाच्या नॉटिंगहॅमच्या औषधवाल्याने ते १८५१ मध्ये काढलं, त्यात शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि थोडी दारू. हो, दारू. मूल गप्प व्हायचं त्यात साखरेचा आणि दारूचा वाटा नक्कीच असणार. आता बिनदारूचं मिळतं, पण बाटली फिरवून मागचं वाचून घ्या, कंपनी कुठलीही असो.

अफू होती ती दुसऱ्या बाटल्यांमध्ये. त्याच नॉटिंगहॅममध्ये लेसच्या कामावर जाणाऱ्या बायका, मँचेस्टरकडच्या गिरण्यांतल्या बायका, मुलाला गॉडफ्रीज कॉर्डियल नावाचं द्यायच्या, ते म्हणजे काकवीसारख्या पाकात अफू. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप विकायला आलं, दात येताना रडणाऱ्या बाळासाठी, लेबलवर आई आणि बाळाचं गोड चित्र आणि आत मॉर्फिन. बाळ शांत झोपायचं. झोपलेलं बाळ दूध मागत नाही, मग अशक्त होतं, आणि डोस जास्त झाला की श्वासच मंदावत जातो. १९०६ मध्ये तिथं कायदा झाला की असलं काही आत असेल तर लेबलवर छापलंच पाहिजे, तेव्हा कुठे आयांना कळलं आपण काय पाजत होतो.

त्या आयांना मी दोष देत नाही आणि कुणी देऊ पण नये. आपल्या सोलापुरात १८७४ मध्ये जुनी गिरणी स्थापन झाली, पुढे आणखी गिरण्या झाल्या, वाइंडिंगला आणि रिलिंगला बायकाच असायच्या, भोंगा झाला की निघायचं म्हणजे निघायचं, तान्हं कोण बघणार? मुंबईच्या गिरणगावात तर अफूची बाळगोळी सर्रास चालायची, सरकारी चौकशांमध्ये त्याच्यावर लिहिलं गेलंय. बाई आठ-दहा तास घरी नाही आणि मूल रडून रडून काळंनिळं होतंय, अशा वेळी शेजारणीने सांगितलं एवढीशी गोळी दे, तर ती काय करेल? गोळीत काय आहे ते तिला सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची होती.

आणि बाळगोळी वेगळी, बाळगुटी वेगळी, यात घोटाळा करू नका. गुटी म्हणजे आपली हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ सहाणेवर एकेक वळसा उगाळून द्यायची ती. त्यात अफू नसते. पण तुमचं बाळ दोन महिन्यांचं आहे, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणी पण नको, असं आज सगळे बालरोगतज्ज्ञ सांगतात, गुटी नको, मध नको, ग्राइप वॉटर पण नको. सासूबाईंना तुटकपणे सांगू नका, त्यांनी पोरं मोठी केलीत. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम त्यांच्याकडे द्या, त्यांचा हात बसलेला असतो. ताप असेल, दूध ओढत नसेल, उलटी हिरवी होत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

आम्ही पूर्व भागातले विणकर, तीन पिढ्या रंगाशी संबंध. हिरव्या रंगाने इंग्लंडात माणसं मेली असं ऐकलं, हे खरं आहे का? रंगाने माणूस कसा मरेल?

खरं आहे. आणि तुमच्यासारख्या रंग ओळखणाऱ्या माणसाने विचारलं म्हणून जरा लांब लिहिते.

१७७५ मध्ये शील नावाच्या स्वीडनच्या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि सोमल यांच्यापासून एक हिरवा रंग केला. १८१४ पासून तांबं आणि सोमलाचाच आणखी चकचकीत एक हिरवा बाजारात आला. त्याआधी पक्का, झगझगीत हिरवा मिळायचाच नाही हे तुम्हाला सांगायला नको, निळीवर पिवळा चढवून हिरवा करावा लागायचा आणि पिवळा उडाला की निळा उरायचा. त्यामुळे लोक या रंगावर तुटून पडले. भिंतीचे कागद, पडदे, झगे, मुलांची खेळणी, टोपीवरची नकली पानं. लंडनमध्ये नकली फुलं करणारी १९ वर्षांची एक पोरगी, रोज पानांवर हिरवी पूड उडवायचं तिचं काम, १८६१ मध्ये गेली. तिच्या डोळ्यातलं पांढरं सुद्धा हिरवं झालं होतं. झगा घालणारीला पुरळ यायचं, पण जीव गेला तो रंग लावणाऱ्या हाताचा. भिंतीच्या कागदाचं पण तेच, ओल धरली की खळीवर बुरशी वाढायची, आणि गोसिओ नावाच्या इटलीच्या डॉक्टरने १८९० नंतरच्या काही वर्षांत दाखवलं की ती बुरशी सोमलाचा लसणासारख्या वासाचा वायू सोडते. आणि ज्याच्या अंगात ताकद नाही, जो अंथरुणाला खिळलाय, तोच त्या खोलीत दिवसभर पडलेला असायचा.

तुमच्या धंद्याशी आणखी जवळची गोष्ट म्हणजे १८५६ मधली. विल्यम पर्किन म्हणून १८ वर्षांचा पोरगा, लंडनमध्ये घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत डांबरापासून क्विनीन करायचा प्रयत्न करत होता, कारण मलेरियाला तेच एक औषध आणि ते सिंकोनाच्या सालीतून काढायला लागायचं. क्विनीन काही जमलं नाही, भांड्यात काळा गाळ उरला, तो स्पिरिटने धुवायला गेला तर जांभळा रंग सुटला. तोच पहिला कारखान्यात झालेला कृत्रिम रंग. म्हणजे औषध करायला गेला आणि रंग निघाला. मग उलटं पण झालं, बायर ही कंपनी १८६३ मध्ये रंगाचीच म्हणून सुरू झाली आणि १८९९ मध्ये त्यांनीच ॲस्पिरिन बाजारात आणलं. रंगाच्या डब्याचं आणि औषधाच्या बाटलीचं नातं इतकं सख्खं आहे. १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यातली नीळ निघाली आणि पुढच्या काही वर्षांत इथला नीळ पिकवणारा शेतकरी बसला, ते तर तुमच्या आजोबांनी कानाने ऐकलं असेल.

सोमलाचा हिरवा आता कपड्याला कोणी वापरत नाही. पण रंगाच्या पावडरीचं पोतं फोडताना तोंडाला रुमाल नाही, चांगला मास्क बांधा आणि घरातल्या पोरांना त्या खोलीत खेळू देऊ नका. डब्यावरचं इंग्रजी कळत नसेल तर विकणाऱ्याला विचारा यात काय आहे, त्याला सांगावंच लागतं.

गड्ड्याच्या जत्रेत आम्ही लहानपणी गोटी सोडा प्यायचो. ती बाटली पण इंग्रजांची का?

हो की. लंडनच्या हिरम कॉड याने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सोड्यातला गॅसच गोटीला आतून वर दाबून धरतो आणि मानेतल्या रबराच्या रिंगला ती घट्ट बसते, बूच लागतच नाही. बाटली उलटी धरून भरतात म्हणून गोटी आपोआप जागेवर येते. मानेला ते दोन खळगे दिलेत ना, पिताना गोटी त्यात अडकून राहावी म्हणून. तिकडे बंद पडून जमाना झाला, आपण अजून टिकवलीये.

आजी लाल साबणाला ‘प्लेगचा साबण’ म्हणायची. का ओ ताई? (साखर पेठ)

हे पत्र वाचून मला माझ्याच आजीचा आवाज आठवला. लाल साबण म्हणजे कार्बोलिकचा. कार्बोलिक ॲसिड डांबरातूनच निघतं, वर सांगितलं तेच डांबर. इंग्लंडमध्ये कार्लाइल गावात गटाराच्या पाण्याचा वास मारायला ते टाकायचे, ते ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर या सर्जनच्या कानावर आलं. त्याच्या डोक्यात आलं की गटारातलं सडणं थांबतं तर जखमेतलं का नाही थांबणार. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ११ वर्षांच्या एका मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं, हाड बाहेर आलेलं, त्या काळी असा पाय कापायचेच. लिस्टरने जखमेला कार्बोलिकमध्ये भिजवलेलं कापड बांधलं आणि तो पोरगा सहा आठवड्यांनी आपल्या पायांवर घरी गेला. मला विचाराल तर त्या सगळ्या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मग कार्बोलिकचा साबण निघाला, लाइफबॉय १८९४ चा, आणि १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला, तिथून पसरत आपल्याकडे आला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या टाकून राहिले, सरकारची माणसं घरात शिरून भिंती-जमिनी कार्बोलिकच्या पाण्याने धुवायची, तो वास लोकांच्या नाकात बसला. तुमच्या आजीच्या घरात तेच नाव पिढीने पिढीला दिलं असणार.

पण साबणाने प्लेग थांबत नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने शोधलं की प्लेग उंदरांवरची पिसू आणते, भिंत कितीही धुतली तरी पिसू कुठे मरते. त्याआधी १८९७ च्या जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. साबण चांगलाच होता, हात धुण्याने खरूज, जुलाब, जखमा चिघळणं कमी होतंच, फक्त ज्या कामासाठी त्याचं नाव झालं ते काम त्याचं नव्हतं.

या निमित्ताने एक सांगून टाकते. मी दुकानात असताना एक बाई फिनेल घ्यायला कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घेऊन आल्या होत्या, सुटं स्वस्त पडतं म्हणून. मी नाही दिलं, तर रागावून दुसरीकडे गेल्या. चौथ्या दिवशी त्यांचे मिस्टर आले, नातवाने तोंडाला लावली होती म्हणून. पोरगं वाचलं, पण घसा भाजला होता. मी तेव्हापासून रॉकेल, फिनेल, ॲसिड कधीच खायच्या-प्यायच्या बाटलीत भरू दिलं नाही, ओळखीचा माणूस असला तरी नाही.

आमचे आजोबा दम्याला धोत्र्याची पानं वाळवून चिलमीत ओढायचे आणि त्यांना बरं वाटायचं. परसात धोत्रा आहे, मलाही दमा आहे, आयुर्वेदिक म्हणून करून बघू का? (मंगळवेढा)

दादा, अजिबात करू नका, आणि का ते नीट सांगते कारण आजोबांना बरं वाटायचं ते खोटं नव्हतं. धोत्र्याचा धूर दम्याला घ्यायची पद्धत इकडचीच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडून ती इंग्लंडला गेली आणि व्हिक्टोरियाच्या काळात तिकडे धोत्र्याच्या सिगारेटी औषध म्हणून दुकानात मिळायला लागल्या. दम्याला सिगारेट, आता ऐकायला कसंतरीच वाटतं. पण धोत्र्यात ॲट्रोपिनसारखी द्रव्यं असतात, ती श्वासनळ्यांचा आवळलेला स्नायू सैल करतात, म्हणून श्वास मोकळा व्हायचा.

अडचण इथंच आहे की एका पानात किती आहे ते कुणालाच सांगता येत नाही. ऊन, जमीन, पानाचं वय, सगळ्यावर बदलतं, बियांत तर आणखी जास्त. थोडं जास्त गेलं की तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, छाती धडधडते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो, आणि जीवही जातो. आजोबांचा हात सरावाचा होता, तुमचा नाही. आणि धूर म्हणजे धूर, तो दमा वाढवतोच.

तुम्हाला हवं ते त्यातलं चांगलं आज पंपात मिळतं. इप्राट्रोपियम नावाचं औषध ॲट्रोपिनवरूनच बनवलंय, मोजून मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनळीत. तुम्हाला ते लागेल की दुसरं काही ते छातीचे डॉक्टर फुंकायच्या मशीनवर तपासून ठरवतील, दम्याला बहुतेकदा रोजचा वेगळा पंप लागतो, आणि पंपाची सवय लागते ही भीती डोक्यातून काढून टाका, खोकला थांबला म्हणून मधेच बंदही करू नका. याच आठवड्यात जाऊन या. परसातलं झाड उपटायची गरज नाही, सोमवारी महादेवाला फूल वाहायला राहू द्या, फक्त काटेरी फळं पोरांच्या हाती लागायच्या आत खुडून टाका आणि नंतर हात साबणाने धुवा.